पाटवडीचा गंज, खारं पाणी आणि मोरीतला ढीग

विदर्भात, पूर्णेच्या खोऱ्यात, दर्यापूरच्या बाजूला, खारपाणपट्ट्यातलं (जिथे जमिनीतलं पाणी खारं असतं) एक घर धरू. हे घर नमुन्याचं आहे, कुणा एकाचं नाही. पण ज्यांनी त्या भागात स्वयंपाक केला आहे त्यांना ते ओळखीचं वाटेल. माणसं सात. मार्च महिना, हरभरा घरात आलेला, आणि मुलीच्या पसंतीला आठ पाहुणे साडेबारापर्यंत जेवायला यायचे आहेत. म्हणजे पंधरा पानं.

बेत वऱ्हाडी: पाटवडी-रस्सा, वांगे-आलूची भाजी, वरण, भात, पोळ्या. पाऊण किलो बेसन, दोन किलो कणीक (पन्नासेक पोळ्या), सव्वा किलो तांदूळ, अर्धा किलो तुरीची डाळ. स्वयंपाकघर दहा बाय बाराचं, सहा फुटी कडप्प्याचा ओटा, दोन बर्नरची शेगडी. सिंक नाही. कोपऱ्यात चार इंची काठ असलेली मोरी, तिचा पाइप परसातल्या शोषखड्ड्यात. मागच्या सपरीत (पडवीत) चूल, तिच्यावर रस्सा आणि भात. नळ तिसऱ्या दिवशी येतो, तो काल आला होता. गोडं पाणी एक 200 लिटरचा ड्रम आणि चार गुंड (हंडे) एवढं. बोअरचं पाणी भरपूर, पण खारं.

हात राबणारे दोन: सासू आणि सून. आजी बसल्या जागी लसण सोलतात. पुरुष मंडळी सतरंज्या टाकण्यात गुंतलेली.

पहिल्या वेळी काय झालं

साडेआठला सुरुवात झाली. आधी कांदे चिरले, टरफलं ओट्यावरच राहिली, पंख्याने घरभर झाली. मग मिक्सरमध्ये आधी आलं-लसण-कांद्याचं वाटण निघालं, नंतर खोबरं-खसखस, शेवटी धणे-जिरं-लवंग. प्रत्येक वेळी जार ओला, म्हणून प्रत्येक वेळी धुतला, पुसला, तरी मसाला कडेला चिकटलाच. चिरलेल्या प्रत्येक जिनसासाठी वेगळी ताटली. जे भांडं मोकळं झालं ते मोरीत गेलं.

साडेदहाला बेसन घोटून झालं. पाटवड्या तीन थाळ्यांवर थापल्या आणि तो गंज (मोठं पातेलं) तसाच मोरीत टेकवला. त्यावर परात, परातीवर वांग्याची तेलकट कढई. अकरा वाजता मोरी तुंबली. पाणी काठावरून ओट्याखाली आलं. पोळ्या चालू असताना पायाखाली ओल, आणि पोळपाट ठेवायला ओट्यावर कोरडी जागा हातभरसुद्धा नाही. पाहुण्यांच्या दोन बाया हात धुवायला आत आल्या तेव्हा मोरीत चाळीसेक भांडी होती. आजी म्हणाल्या, "काहून वो बाप्पा एवढे भांडे?" उत्तर द्यायला कोणाला वेळ नव्हता.

जेवणं झाल्यावर साठेक नग आणखी आले: पंधरा ताटं, तीस वाट्या, पंधरा गिलास. शंभर नगांना प्रत्येकी तीन वेळा पाऊण लिटरचा तांब्या धरला तरी सव्वादोनशे लिटर होतात. जल जीवन मिशनचं मोजमाप माणशी दिवसाला 55 लिटरचं आहे, सात माणसांचे 385. त्यातलं निम्म्याहून जास्त पाणी एका जेवणाच्या भांड्यांत गेलं. गोड्या पाण्याचा ड्रम संपला, पुढचं खाऱ्याने विसळलं आणि सगळ्या स्टीलवर पांढुरकी साय धरली. पाटवडीचा गंज संध्याकाळी चाकूने खरवडला.

दोष हातांचा नव्हता

असं झालं की एकच उपदेश ऐकू येतो: "वापरलं की लगेच घासून टाकायचं." तो अर्धाच बरोबर आहे. पाहुण्यांच्या स्वयंपाकात दर भांड्यामागे घासायला बसलं तर खाली फोडणी करपते. लगेच करायचं असतं ते भांड्याची अवस्था बिघडू न देणं, म्हणजे कुठलं भिजवायचं, कुठलं पुसायचं, कुठलं कोरडंच ठेवायचं हे ठरवणं. त्याला पंधरा सेकंद लागतात. घासणं नंतर होतं.

मोरीतल्या ढिगात तीन वेगळ्या जातीची घाण एकत्र आली होती. पहिली पिठाची: कणीक, बेसन, भात. ही ओली असताना बोटाने निघते, वाळली की पापड होते. दुसरी तेलाची. ही वाळत नाही, पण ज्याला लागेल त्याला तेलकट करते. कढई परातीत ठेवली नसती तर परात नुसत्या पाण्याने निघाली असती. तिसरी करपलेली आणि काजळीची. ती कितीही वेळ थांबू शकते, तिला घाई नाही. मोरीत टाकण्याचा क्रम मात्र उलटा पडला: थांबू शकणारं वर आलं, न थांबणारं तळाशी वाळलं.

मोरी का तुंबली? वांग्याची देठं, कांद्याची टरफलं यांची जाळी पाइपच्या तोंडाशी बसली आणि तिच्यावर बेसनाचा लगदा. घाईत कुणीतरी उकळतं पाणी ओतलं. कच्चं बेसन गरम पाण्याने शिजतं, म्हणजे पाइपमध्येच खळ तयार झाली. पीठ अडकलं तर थंड पाणी आणि तार, तेल-तूप गोठलं तर गरम पाणी.

आणखी एक गोष्ट सहसा लक्षात येत नाही. डाळ खाऱ्या पाण्यात लावली होती. क्षाराच्या पाण्यात तूर नीट शिजत नाही, म्हणून शिट्ट्या वाढवल्या, कुकरही अर्ध्याच्या वर भरलेला होता. डाळीचा फेस शिट्टीतून उडून शेगडी, भिंत आणि शेजारची भाजी पिवळी झाली. ही साफसफाई वाचवता आली असती: डाळ आणि पाणी मिळून कुकर अर्ध्यापर्यंतच, चमचाभर तेल, आणि डाळीपुरतं तरी गोडं पाणी.

दुसऱ्या वेळी क्रम बदलला

पंधरवड्याने लग्नाची बोलणी. बेत तोच, पानं तीच, हात तेच.

आदल्या रात्री लसण सोलून झाला, कांदे बाहेर सपरीत सोलले गेले, टरफलं एका पाटीत. मसाला सकाळी आधी कोरडा वाटला: धणे-जिरं-लवंग-दगडफूल, मग भाजलेलं खोबरं-खसखस, आणि सगळ्यात शेवटी भाजलेला कांदा, आलं, लसण. तिन्हींसाठी एकच जार, मध्ये एकदाही धुतला नाही. शेवटी त्यात अर्धा गिलास पाणी घालून एकदा फिरवलं आणि ते पाणी रस्सा शिजतो त्या गंजात. जार आपोआप पाऊण स्वच्छ, मसाला वाया नाही. झाकणाचं रबर तेवढं काढून धुवायचं, लसणाचा वास तिथे बसतो.

चिरण्याचं काम एका परातीत, भाज्या ओळीने: आलू, मग टमाटे, शेवटी सांबार (कोथिंबीर). वांगी कापून थेट मिठाच्या पाण्यात. वेगळ्या ताटल्या नऊवरून दोनवर आल्या. भांडं घासण्यापेक्षा भांडं न काढणं नेहमीच स्वस्त.

कणीक मळल्यावर परातीला पाणी लावलं नाही. चिमूटभर कोरडी कणीक टाकून तळहाताने चोळली की चिकटलेलं सगळं गोळ्या होऊन सुटतं. त्या गोळ्या मळलेल्या गोळ्यातच दाबता येतात. उरलं ते ओल्या फडक्याने पुसलं. कणकेच्या परातीवर गरम पाणी टाकलं की ती चिकट होते आणि तारेच्या घासणीत धागे अडकून घासणीच निकामी होते.

आता पाटवडीचा गंज, ज्याच्यामुळे हे प्रकरण लिहायला घेतलं. बेसन आधी थंड पाण्यात कालवून घेतलं, म्हणजे गाठी कमी आणि घोटण्याचा वेळही कमी. पाऊण किलोला फोडणीतलं धरून जवळपास दोन लिटर पाणी. घोटून गोळा सुटायला लागला की तेल लावलेल्या थाळ्यांवर ओतायचा. हा गंज रिकामा होतो तेव्हा कमालीचा तापलेला असतो, आणि नेमका तोच उपयोगाचा क्षण. दोन तांबे पाणी टाकलं, झाकण घातलं, विझत्या चुलीच्या कडेला सरकवला. आतल्या वाफेने बुडाचा थर फुगतो. वीस मिनिटांनी सराट्याच्या (उलथन्याच्या) सपाट बाजूने तो साल निघावी तसा सुटला. घासावं लागलं ते फक्त काठाला, जिथे पाणी पोचलं नव्हतं. म्हणून पाणी टाकल्यावर गंज एकदा तिरपा करून सगळीकडे फिरवायचा. ॲल्युमिनियमचा किंवा जाड बुडाचा गंज असेल तर अगदी कडक तापलेल्या बुडावर गार पाणी ओतू नका, मिनिटभर थांबा. बूड वाकलं की पुढे प्रत्येक वेळी मधोमध करपेल.

चुलीवर जाणाऱ्या दोन्ही गंजांच्या बुडाला बाहेरून ओल्या राखेचा पातळ लेप दिला होता. जुन्या बायांची ही पद्धत गॅस आल्यावर विसरली गेली. काजळी लेपावर बसते, भांड्यावर नाही, आणि विसळताना लेपासकट जाते. लेप वाळायला पाच मिनिटं द्यावी लागतात, नाहीतर तो चुलीतच गळून पडतो.

कधी हात लावायचा, कधी नाही

स्वयंपाकात काही वेळ रिकामा असतो आणि काही अजिबात नसतो. कुकर लावल्यापासून झाकण उघडेपर्यंत अर्धा तास. भात मंद आचेवर टाकला की पंधरा मिनिटं. रस्सा उकळी आल्यावर वीस मिनिटं. हे घासण्या-पुसण्याचे वेळ. फोडणी पडत असताना, बेसन घोटताना आणि पोळ्या चालू असताना काहीही आवरायला जायचं नाही. बेसन घोटण्याची ती आठ-दहा मिनिटं सोडून मोरीकडे वळलं की बूड धरतंच, आणि मग एक भांडं वाचवायला जाऊन गंज हातचा जातो.

पोळ्यांच्या वेळी एवढंच: पाच-सहा पोळ्यांमागे तव्यावरचं जळकं पीठ कोरड्या फडक्याने झटकायचं. ते राहिलं तर धूर होतो आणि पुढच्या पोळीला काळे ठिपके येतात. पोळपाट लाकडाचा असेल तर पाण्यात बुडवायचा नाही. सुरीच्या मागच्या बाजूने खरवडून ओल्या फडक्याने पुसून उन्हात उभा करायचा. लोखंडी तव्याला साबण नकोच.

फडकी चार ठेवली होती: हाताचं, ओट्याचं, गरम भांड्यांचं, आणि जमिनीचं पोतेरं. गरम भांडं धरायचं फडकं कोरडंच हवं. ओल्या फडक्यातून चटका लवकर बसतो, कारण पाणी उष्णता पटकन पुढे नेतं. पदराने धरायचं तर विचारूच नका, आजकालच्या बऱ्याच साड्या सिंथेटिकच्या. हळद लागलेलं ओट्याचं फडकं साबणाने धुतल्यावर लाल झालं तर घाबरू नये. हळदीचा रंग क्षारात लाल होतो, उन्हात टाकला की उडतो.

खाऱ्या पाण्यात भांडी

इथे गाव बदललं की उपाय बदलतो. गोड्या पाण्याच्या गावात साबणाला फेस येतो, इथे येत नाही. क्षाराच्या पाण्यात साध्या साबणाचा चिकट पांढरा चोथा होतो आणि तोच भांड्यावर बसतो. आजच्या भांड्यांच्या वड्या आणि द्रव बहुतेक डिटर्जंटचे असतात, ते त्यापेक्षा बरे चालतात. आणि राख. राखेतला क्षार पाण्यातला चुना खाली बसवतो, तेलाचा अंशतः साबणच करतो, वर घासायला बारीक रवाही देतो. तिन्ही कामं फुकटात. फक्त राख लाकूड-काडी-पऱ्हाटीची (कपाशीच्या वाळल्या काड्यांची) हवी, ज्या चुलीत प्लॅस्टिक जळलं तिची नाही, आणि ती चाळून घ्यावी. ॲल्युमिनियमला राख लावू नये, काळं पडतं. नॉनस्टिकला तर नाहीच.

मोरीपाशी तीन भांडी मांडली: एक घमेलं कोमट पाणी आणि डिटर्जंटचं, दुसरं खाऱ्या पाण्याचं, तिसरी गोड्या पाण्याची बादली. भांडं या क्रमाने जातं. पाणी मात्र उलट्या दिशेने सरकतं: गोड्याची बादली गढूळ झाली की ती दुसऱ्यात ओतायची, दुसरं पहिल्यात, पहिलं बाहेर. शेवटचा हात गोड्या पाण्याचा असला की पांढरी साय धरत नाही. मग भांडी टोपल्यात पालथी, उन्हात. पुसायची गरज नाही, पुसण्याच्या फडक्यानेच अनेकदा वास लागतो.

घमेल्यात जाण्याचा क्रम ठरलेला: गिलास-कप, मग दुधाचं, मग वाट्या-ताटं, मग डाळ-भाताचं, शेवटी कढई. कढई आधी कागदाने पुसून, कागद चुलीत. वर्तमानपत्राचा कागद तेल पुसून जाळायला ठीक, त्यावर तळण काढू नये. शाई तेलात उतरते. दुधाच्या भांड्याला आधी गार पाणी, गरम टाकलं की दूध कडेला शिजून बसतं.

शंभर नगांना या पद्धतीने साधारण ऐंशी-नव्वद लिटर लागलं, त्यातलं गोडं पाणी जेमतेम तीन बादल्या. साडेबाराला पानं वाढली तेव्हा स्वयंपाकघरात अन्न असलेली सहा भांडी आणि पोळपाट, बाकी मोरी मोकळी.

तरी जे फसलं

पहिल्या घमेल्याचं पाणी वेळेवर बदललं नाही. ते हाताला बुळबुळीत लागत होतं, फेस मेलेला होता, तरी त्यातच ताटं बुडवली. तेल काढणारं पाणी तेल लावायला लागलं. फेस मेला की पाणी बदलायचं. घड्याळाकडे बघायची गरज नाही.

दुसरं जास्त गंभीर. वांग्याची भाजी उतू जाऊन मागचा बर्नर विझला. धुराच्या नि मसाल्याच्या वासात ते कळलं नाही. गॅस हवेपेक्षा जड, तो खाली जमिनीलगत साचतो, आणि त्याच वेळी खाली पोतेरं फिरत होतं. वास लागताच दोन्ही बटणं आणि रेग्युलेटर बंद केला, मागचं दार उघडलं, कुणी विजेच्या बटणाला हात लावला नाही. इतकं जमलं हे नशीब. शेगडी पुसायची तर आधी रेग्युलेटर बंद, बर्नर थंड, आणि छिद्रांत अडकलेलं पीठ सुईने. पाण्याने नाही.

तिसरं, भिजवायचं काम कुणाचं हे ठरलं नव्हतं. सासूला वाटलं सुनेने पाणी टाकलं, सुनेला वाटलं सासूने. भाताचा गंज कोरडाच राहिला. खरं तर हे काम ज्याने भांडं रिकामं केलं त्याचं. वाढायला धाकटा दीर होता, त्याने शेवटचा भात वाढला, गंज त्यानेच भिजवायचा. दोन तांबे पाणी टाकायला स्वयंपाक यावा लागत नाही.

खरकटं आणि परस

भाताची पेज आणि कोरड्या पोळ्या गुरांच्या पाटीत जातात, तिखट-तेलाचं जात नाही. पण पेज-पोळ्याही मर्यादेतच. पंगतीनंतर उरलेला घमेलंभर भात एकदम म्हशीपुढे ठेवला तर पोटात आम्ल वाढून जनावर आडवं होतं. लग्नसराईत हे दरवर्षी घडतं. टरफलं, देठं उकिरड्यात किंवा गांडूळखताच्या खड्ड्यात.

उरलेला रस्सा मार्चच्या उकाड्यात मोठ्या गंजात झाकून ठेवला तर मधोमध तासन्‌तास कोमट राहतो आणि आंबतो. दोन उथळ थाळ्यांत पसरून आधी निवू द्यावा, पाटवड्या त्यात न बुडवता वेगळ्या. भातही तसाच पसरून. संध्याकाळी लागणार असेल तेवढंच ठेवावं आणि खदखदून उकळूनच वाढावं.

मोरीच्या तोंडाशी बारीक जाळी बसवली, तिच्यावरचं दर वेळी हाताने उचलून पाटीत. कारण पुढचं सगळं शोषखड्ड्यावर आहे. काळी माती ओली झाली की फुगते आणि पाणी घेत नाही. त्यात तेल आणि बेसनाचा थर बसला तर पावसाळ्याआधीच खड्डा भरून परसात चिखल. पहिल्या घमेल्याचं तेलकट पाणी म्हणून शोषखड्ड्यात न सोडता दूरच्या उकिरड्यावर टाकलं. खाऱ्या पाण्याची दुसरी घमेली वांग्या-मिरच्यांच्या वाफ्यात ओतू नये, आधीच खारी असलेली जमीन आणखी चिवट होते. गोड्याच्या बादलीतलं शेवटचं पाणी, ज्यात फक्त विसळलेलं असतं, ते सांबाराच्या वाफ्याला दिलं.